बाटली तुमची, लेबल आमचं

बाटलीवरचं लेबल सोलायचं असेल तर बाटली आधी तासभर कोमट पाण्यात उभी करावी. झाकण घट्ट. हातात रबरी मोजे. मग कोपऱ्यात ब्लेड घालून, न घाबरता, एका दमात ओढायचं. अर्ध्यावर थांबलात की फाटलं. या कामात बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवर माझं नाव फार थोड्यांना ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी मी 'लेबलवाली'. सहा वर्षं हे नाव मी मिरवलं. आता त्या नावाने कुणी हाक मारली की मान खाली जाते. का, तेवढंच सांगायला बसले आहे.

आमची संघटना म्हणजे अंबरनाथमधली एक खोली, प्लायवूडचे चार बोर्ड, पत्रकांचे गठ्ठे आणि विजूताई. ताई निवृत्त विज्ञानशिक्षिका. काम एकच: कीटकनाशकं माणसाचं काय करतात ते लोकांना सांगायचं. बीएस्सी झाल्यावर सहा महिने येऊन बघते म्हणाले आणि राहिले. पत्रक लिहायला ताईंनी शिकवलं. "एका पत्रकात एक वाक्य," त्या म्हणायच्या. "दोन झाली की लोक त्यात वडापाव गुंडाळतात."

मी वाढले उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. आई कॅम्प तीनच्या जीन्स कारखान्यांतून धागे कापायला जाते. त्यामुळे माझं पहिलं प्रकरण तिथलंच. एका कारखान्यात कारागीर कापडाच्या गठ्ठ्यांवरच झोपायचे, ढेकूण बेसुमार. शेटने शेतीच्या दुकानातून भाताच्या किडीचं औषध आणलं आणि खोलीभर मारलं. दोन कारागिरांचं डोकं फुटायला आलं, डोळ्यांतून पाणी थांबेना. आईने घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पत्रकं घेऊन हजर.

शेट म्हणाले, "साईं, बैठ पहले. पापड खा, पानी पी. फिर झगडा कर."

"शेट, हे शेतात मारायचं औषध आहे."

"खेत का कीड़ा क्या, खाट का कीड़ा क्या? कीड़ा तो कीड़ा है ना?"

"आणि कारागीर?"

"वो तो आदमी है! आदमी को थोड़ी लगता है."

पत्रक पुढे केलं, त्यांनी त्यावर पापड ठेवला. मग मी उठले आणि रिकाम्या मशीनवर जाऊन बसले. पायडलवर पाय दिला, मशीन सुटलं. पाय उचलला, थांबलं. म्हटलं, "शेट, नसांचं काम असंच चालतं. एक नस दुसरीला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. पहिली त्या फटीत एक रसायन सोडते, हा झाला पाय. पलीकडच्या नसेवर त्याची जागा असते, हे पायडल. पाय पडला की नस चालू. आणि काम झाल्याबरोबर तो पाय उचलून बाजूला टाकणारा एक गडी असतो. तुमच्या या औषधाने त्या गड्याचे हात बांधले. पाय दाबलेलाच राहतो."

शेट धंद्याचा माणूस. क्षणात कळलं. "मतलब मशीन बंद ही नहीं होगा? मोटर जल जाएगी!"

"जळतेच. ढेकूण थरथरतो, पाय झाडतो आणि दमून मरतो."

"और कारागीर?"

"त्याच्या अंगातही हेच पायडल आहे, शेट."

त्यांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि बाटली माझ्या हातात दिली. तिचं लेबल मी घरी सोलून ठेवलं. पहिलं लेबल.

आता खरं तर गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती तशी नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. परीक्षेत लिहून आले होते. त्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलिन, पायडलचं पुस्तकी नाव ग्राही. काही विषं उचलणाऱ्या गड्याला बांधतात. काही नवी विषं गड्याच्या वाटेला जातच नाहीत, स्वतःच दगडासारखी पायडलवर बसतात. किड्याचं पायडल त्यांना जास्त घट्ट बसतं, माणसाचं कमी. म्हणून दुकानदार 'सेफ आहे' म्हणून विकतो. आणि काही पायडलला हात न लावता पुढच्या वायरीतच बिघाड करतात. मेलेला किडा तिन्हींचा सारखाच दिसतो. पण माणसाला विषबाधा झाली तर तिघांचा उपचार वेगवेगळा.

पत्रकात हे मावत नव्हतं. पत्रकात आलं: 'सगळी विषं एकच. नस धरतात, जीव घेतात.' वाक्य माझं. ताईंनी पाठ थोपटली.

लेबलांचं प्रदर्शनही माझीच कल्पना. शेतीच्या औषधाचं लेबल कधी वाचलंय? हिरवंगार शेत, हसरा शेतकरी, आणि खाली मुंगीने वाचावी इतक्या अक्षरांत, शेतकऱ्याला न येणाऱ्या भाषेत, की हे औषध अंगावर सांडलं तर तुम्ही मराल. संताप यायचा. अजून येतो. एका कोपऱ्यात चौकोन असतो, त्यातला खालचा तिकोन लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. हे किती जणांना दुकानात सांगितलं जातं? दुकानात विचारतात, "मागच्या वेळचंच देऊ? निळ्या झाकणाचं?"

म्हणून आम्ही लेबलं गोळा करून बोर्डावर लावली. वर लाल तिकोनाची, मग पिवळी, निळी, हिरवी. लांबून इंद्रधनुष्य दिसायचं. शाळांमध्ये, बाजारात, जत्रेत बोर्ड उभा केला की गर्दी. लोक वाकून वाकून वाचायचे. बाटलीवर असताना एकाने वाचलं नव्हतं!

पण पाड्यावरची माणसं बाटली कशी देतील? आत औषध असतं, पुढच्या फवारणीला लागतं. तेव्हा मी म्हणायला लागले, "बाटली तुमची, लेबल आमचं." लेबल सोलायचं आणि त्या जागी आमचं लालभडक स्टिकर लावायचं: 'हे औषध नाही, विष आहे!' खाली माझा फोन नंबर. कंपनीची खोटी हिरवळ काढली आणि खरं लिहिलं, असं आम्हाला वाटायचं. ताईंना वाटलं, मला वाटलं. शिकलेली दोन माणसं आम्ही.

बारवीकडच्या एका पाड्यावर दामूदादा राहतात, त्यांची बायको सुमनवहिनी आणि सासू. घरापुरती भातशेती, हिवाळ्यात काकडी-भेंडी. दादांच्या घरी मी आठ-दहा वेळा गेले असेन, कारण दादा माझं ऐकायचे आणि माझी टिंगलही करायचे.

"आली गो लेबलवाली. लपवा बाटल्या! कपरं काडतं त्यांची." लेबल म्हणजे बाटलीचे कपडे, असं दादांचं म्हणणं.

"दादा, फवारताना तोंडाला फडका बांधता ना?"

"बांधतो. मंग बायको विचारतं, कुनाच्या घरात शिरायला चाललास?"

वहिनी आतून, "चोराला पन ह्याच्यापेक्षा बरा फडका असतो."

एकदा दादांनी विचारलं होतं, "मना एक सांग. दोन बाटल्या हायेत माझ्याकं. दोन्ही येकच काय?"

मी म्हटलं, "दादा, तुमच्यासाठी एकच. दोन्ही विषच."

त्याच दिवशी मी त्या दोन्हींची लेबलं सोलली. मांडणीवर शेजारी चुन्याची डबी होती, माझ्या मोज्याला चुना लागला. हे आठवतं. बाटलीवर नाव काय होतं, ते आठवत नाही.

पावसाळा सरताना भातावर तुडतुडे आले. ही कीड रोपाच्या बुंध्याशी बसून रस पिते, चार दिवसांत खाचर करपल्यासारखं होतं. दादांनी दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पंपात मिसळलं. एकच आहे ना दोन्ही. पंप पाठीवर गळत होता. वारा तोंडावर. दुपारी घरी आले ते घामाने निथळत. तोंडातून लाळ, उलट्या, दंडाची कातडी आपोआप उडतेय. वहिनींनी बाटली उचलली आणि स्टिकरवरच्या नंबराला फोन लावला.

मी ओरडलेच. "कपडे काढा, साबणाने अंग धुवा, बदलापूरला दवाखान्यात न्या! आणि बाटल्या बरोबर घ्या, विसरू नका. डॉक्टर नाव विचारतील."

हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणाले. फोन ठेवून स्कूटरला किक मारली आणि फाटक ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं, काय नाव विचारतील.

दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात बाटली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी स्टिकर वाचलं, बाटली फिरवली, पुन्हा वाचलं.

"विष आहे हे मलाही दिसतंय," त्या म्हणाल्या. "कोणतं?"

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. आरोपाने नाही, भरवशाने. "हिला ठावं हाय. ही त्यातलीच हाय."

"बोला," डॉक्टर म्हणाल्या.

मी सांगितलं की लेबलं आमच्याकडे आहेत. "मग आणा की!"

अंबरनाथला आले. खोलीत चार बोर्ड. सत्तर-ऐंशी लेबलं, रंगाप्रमाणे लावलेली. गावाचं नाव नाही, घराचं नाव नाही, तारीख नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, सोलायच्या आधी एक फोटो काढावा हे सहा वर्षांत मला सुचलं नाही. चुन्याचा डाग शोधला. तीन लेबलांवर पांढरं काहीतरी होतं. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "त्या आठवड्यात तुडतुड्याची चार प्रकारची औषधं गेली, कुणाला कुठलं दिलं ते कसं सांगू?" शेवटी अख्ख्या बोर्डाचे फोटो डॉक्टरांना पाठवले. त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"अहो, मला प्रदर्शन नको. एक नाव हवंय."

ते मी देऊ शकले नाही.

डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार केले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, लाळ वाहत होती. म्हणजे गड्याचे हात बांधणारं विष असणार हे त्यांनी ताडलं, आणि पायडल झाकून ठेवणारं इंजेक्शन सुरू केलं. रात्रीपर्यंत लाळ थांबली. तिसऱ्या दिवशी दादा उठून बसले, मला म्हणाले, "काय गो, माजी पन कपरं काडलीस वाटतं?" आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले. चौथ्या दिवशी घरी सोडलं. दोन्हींत नेमकं काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि माणूस तर बोलत होता, जेवत होता.

पाचव्या दिवशी सकाळी दादांना उशीवरून मान उचलेना. मग श्वास पुरेना. या जातीच्या काही विषांमध्ये असं होतं. माणूस सावरतो आणि दोन-चार दिवसांनी मानेचे, छातीचे स्नायू हात टेकतात. पुन्हा दवाखाना, तिथून मोठं इस्पितळ, दहा दिवस श्वासाच्या यंत्रावर. जगले. पण महिन्याभरात पावलं पडेनाशी झाली. पाऊल टाकताना पुढचा भाग लोंबतो, चप्पल घसरून मागे राहते. चिखलात उतरायचं तर विचारूच नका.

मी डॉक्टरीणबाईंना एकदा गाठून विचारलं, "लेबल असतं तर?"

त्या बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या. "नाव माहीत असतं तर चौथ्या दिवशी घरी सोडलं नसतं. श्वास अडकायच्या आधी इथेच धरलं असतं. पायांचं सांगता येत नाही. ते कदाचित असंही झालं असतं."

हे 'कदाचित' घेऊन मी गेले वर्षभर फिरते आहे. पत्रकात मी हा शब्द एकदाही वापरला नव्हता.

आणखी एक सांगते, नंतर लपवलं असं व्हायला नको. दादा यंत्रावर असताना एक दिवस मी दवाखान्यातून माझ्याकडे आलेल्या त्या दोन बाटल्या बाहेरून धुऊन बघत बसले होते. एकीच्या बुडाशी काळ्या शाईचे बारीक आकडे दिसले, मग दुसरीच्याही. बॅच नंबर. तोच लेबलावरही छापतात. बोर्डाजवळ बाटली धरली आणि दहा मिनिटांत दोन्ही लेबलं सापडली. एक पिवळ्या तिकोनाचं, गड्याला बांधणारं. दुसरं निळ्याचं, दगडासारखं बसणारं. नावं तेव्हाच इस्पितळात कळवली. नावाची खूण पहिल्या दिवशीही बाटलीच्या बुडाशी होती. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, वहिनी घाबरल्या होत्या. मी कशात होते? सहा वर्षं बाटल्या हाताळूनही मी एकदा ती उलटी करून पाहिली नव्हती. मला फक्त लेबल हवं असायचं.

विजूताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझंही आहे यात. दुसरं वाक्य मीच लिहू दिलं नाही." त्या मला वाचवायला बघत होत्या. वाक्य माझंच होतं.

पण दादांना आणि वहिनींना सांगितलं नव्हतं. रोज ठरवायची. रोज स्कूटरवरून दादांना बदलापूरला पायांच्या व्यायामाला न्यायची, परत सोडायची, वहिनींच्या हातचा चहा प्यायची आणि न बोलता निघायची. दादा मागे बसून माझ्या खांद्याला धरायचे. पकड किती घट्ट झाली यावरून मी दिवस मोजायचे. पाड्यावर कौतुक व्हायचं, "संघटनावाली पोर बघा, पोटच्या लेकीगत करतं." ते ऐकून मी घाईने स्कूटर सुरू करायची.

दिवाळीच्या आधी भात झोडून झाला. दादांच्या भावकीने कापून दिला होता. त्या दुपारी दोन्ही लेबलं वहीत घालून गेले. ओसरीवर दादा, शेजारी वहिनी तांदूळ पाखडत. बसायच्या आधीच बोलले, नाहीतर बोलले नसते.

"वहिनी, त्या दिवशी डॉक्टर नाव विचारत होत्या. ते नाव या कागदावर होतं. कागद मी काढला होता. नाव असतं तर दादांना घरी पाठवलं नसतं."

सूप थांबलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मना ठावं हाय."

"काय?"

"तवाच समजला. डॉक्टरीन तुना विचारत व्हती तवा तुजं तोंड बघितलं ना मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? शिव्या द्यायच्या होत्या."

आता सूप खाली ठेवलं. "शिव्या देल्या असत्या तं तू आली असतीस काय दुसऱ्या दिवशी? गाडी कुनाकं हाय हितं? ह्याला उचलून नेनार कोन, मी?" मग आवाज जरा उतरला. "चालाया लागू दे त्याला. मंग देईन शिव्या. मोप देईन. विसरले नाय मी."

दादा इतका वेळ लेबलं बघत होते. चित्रातल्या हिरव्यागार शेताकडे. म्हणाले, "मी विचारला व्हता तुना. दोन्ही येकच काय, म्हनून."

"हो."

"तू हो बोललीस."

"हो, दादा."

त्यांनी मान हलवली. दारामागे पंप उलटा टांगलेला होता. दोन्ही बाटल्या मी पिशवीत घालून बरोबर आणल्या होत्या. त्या काढून ओसरीवर ठेवल्या, मोजे घातले. लेबलं आता जागच्या जागी लावायची, एवढंच ठरवून आले होते. सहा वर्षांत सोललेली, जेवढी जुळतील तेवढी, घराघरात जाऊन. आमचं स्टिकर काढायला कोपऱ्यात ब्लेड घातलं.

निघेना. कोमट पाणी घेतलं, तासभर ठेवलं, पुन्हा ओढलं. कागद निघायचा, गोंद राहायचा, गोंदावर लाल अक्षरं राहायची. कंपनीच्या लेबलापेक्षा आमचा गोंद कितीतरी चांगला होता. ताईंनी मुद्दाम तसा घ्यायला लावला होता, पावसात टिकावा म्हणून.

दादा बघत होते. "दे हिकडं," म्हणाले. मी दुसरी मोज्यांची जोडी त्यांच्या हातात घातली. बोटं अजून नीट मिटत नाहीत, बाटली दोनदा निसटली. अंगठ्याने ते गोंद खरवडत राहिले, सावकाश, आणि वहिनी म्हणाल्या, "करू दे गो त्याला. व्यायाम हाय."